पंचायतीच्या खिडकीवर क्रेडिट कार्ड

प्रश्न : मी बार्देश तालुक्यातील एका पंचायतीची पहिल्यांदाच निवडून आलेली पंच आहे. मागच्या ग्रामसभेत होमस्टे चालवणाऱ्या एका तरुणाने विचारले की, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये कार्ड चालते, मग पंचायतघरात घरपट्टी भरायला रोख पैसे किंवा धनादेश घेऊनच का यावे लागते? सचिवांचे म्हणणे असे की क्रेडिट कार्डावर बँक दीड-दोन टक्के कापून घेते आणि ती तूट लेखापरीक्षणात कशी दाखवायची हे कोणी सांगत नाही. तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ उठून म्हणाले, "मी दरवर्षी रोख घरपट्टी भरतो. दुसऱ्याच्या कार्डाचा खर्च माझ्या पैशांतून का?" यावरून बरीच बाचाबाची झाली आणि विषय पुढच्या पाक्षिक बैठकीवर ढकलला गेला. मी कोणत्या बाजूने मत द्यावे? (एक पंच, बार्देश)

उत्तर :

ताई,

तुमच्या पत्रात तीन माणसे बोलली आहेत आणि तिघांचेही म्हणणे खरे आहे. त्यामुळे एकाची बाजू घेऊन उरलेल्या दोघांना गप्प बसवणे हा काही मार्ग नव्हे. माझे मत आधीच सांगते. पंचायतीने क्रेडिट कार्ड स्वीकारावे, पण त्याचे शुल्क कार्ड वापरणाऱ्यानेच सोसावे. आणि क्रेडिट कार्डाचा विचार करण्यापूर्वी यूपीआय आणि डेबिट कार्ड खिडकीवर सुरू करावे, कारण त्या तरुणाची अडचण बहुतांशी तेवढ्यानेच सुटते. मी सरकारी लेखा विभागात आयुष्य काढले आहे, म्हणून या उत्तरात हिशेबाचा भाग थोडा लांबेल.

सभेतल्या वादाचे मूळ असे दिसते की 'कार्ड' हा एकच शब्द सर्वांनी वापरला आणि प्रत्येकाच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय या दोन मार्गांनी आलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून बँकेला काहीही शुल्क लावता येत नाही. पैसे देणाऱ्याकडूनही नाही आणि घेणाऱ्याकडूनही नाही. ही सोय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात १०अ हे कलम घालून करण्यात आली आहे. व्हिसा, मास्टरकार्ड अशा इतर डेबिट कार्डांवर शुल्क आहे, पण रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने त्याला कमाल मर्यादा घातली आहे : वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असलेल्यांना ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये, त्यापेक्षा मोठ्यांना ०.९० टक्के आणि जास्तीत जास्त १,००० रुपये. हे डेबिट कार्डाचे शुल्क ग्राहकावर ढकलता येत नाही, ते स्वीकारणाऱ्यानेच भरायचे असते. क्रेडिट कार्डाला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. तिथे दर बँक आणि पंचायत यांच्या करारावर ठरतो, आणि सचिवांनी सांगितलेला दीड-दोन टक्क्यांचा आकडा वास्तवाला धरून आहे. व्यवहार २,००० रुपयांपेक्षा मोठा असेल तर त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी लागतो, हे बहुधा सभेत कोणी सांगितले नसेल.

यात एक बारकावा आहे, तो सचिवांच्या कानावर अवश्य घाला. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडता येते. म्हणजे भिंतीवरच्या क्यूआर कोडवर मोबाइल धरणारा माणूस बचत खात्यातून पैसे देतो आहे की क्रेडिट कार्डावरून, हे खिडकीमागे बसलेल्याला दिसत नाही. यूपीआय निःशुल्क आहे या समजुतीने पंचायत निश्चिंत राहते आणि महिन्याच्या अखेरीस खात्यातून काही रक्कम वजा झालेली आढळते. छोट्या व्यापाऱ्यांसाठी २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांना शुल्क नाही. पंचायतीला बँक कोणत्या वर्गात धरते आणि त्यापुढील रकमेला काय आकारते, हे तिच्याकडून लेखी घ्यावे.

आता त्या वयस्कर गृहस्थांचा प्रश्न. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे, आणि त्यांना कोणी "काळ बदलला, काका" असे सांगून बसवले असेल तर ते बरोबर झाले नाही. समजा एका घराची वर्षाची घरपट्टी १,२०० रुपये आहे आणि ती क्रेडिट कार्डाने भरली. दोन टक्के दराने २४ रुपये जातील. एवढ्याने गाव बुडत नाही. पण तुमची पंचायत किनारपट्टीची आहे, तिथे बांधकाम परवान्यांची आणि व्यवसाय परवान्यांची शुल्के येतात, आणि खरी झळ तिथे लागते. एखाद्या विकासकाने २ लाख रुपयांचे शुल्क क्रेडिट कार्डाने भरले, तर दोन टक्क्यांचे ४,००० आणि जीएसटीचे ७२० असे ४,७२० रुपये गेले. म्हणजे जवळजवळ चार घरांची वर्षाची घरपट्टी एका सहीने गेली, आणि त्याच व्यवहारावर त्या विकासकाला कार्ड कंपनीकडून बक्षिसाचे गुण आणि दीड महिन्याची बिनव्याजी उधारी मिळाली. त्याची सोय झाली याबद्दल माझी तक्रार नाही. तिची किंमत गटार साफ करण्याच्या आणि वाड्यावरचे दिवे बदलण्याच्या पैशांतून जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याच वेळी रोखीलाही खर्च असतो, हे त्या गृहस्थांना आदराने सांगितले पाहिजे. रोख मोजावी लागते, सुटे पैसे शोधावे लागतात, संध्याकाळी ती कपाटात कुलूपबंद करावी लागते, दुसऱ्या दिवशी कोणाला तरी बँकेत पाठवावे लागते, आणि तो माणूस बँकेत असताना दाखल्यासाठी आलेले लोक पंचायतघराच्या व्हरांड्यात ताटकळत बसतात. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो कोणाला दिसत नाही. शिवाय सार्वजनिक पैशांच्या अफरातफरीची जी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली, त्यांतली बहुतेक रोख रकमेची आणि पावती पुस्तकातल्या दुसऱ्या प्रतीची होती. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड हा खर्च आणि ही जोखीम दोन्ही कमी करतात, आणि त्यासाठी गावाला काही द्यावे लागत नाही. म्हणून ते आधी सुरू करा म्हणते. तिथे वादाला जागाच नाही.

क्रेडिट कार्डाचे शुल्क भरणाऱ्यावर टाकणे योग्य आहे का, याबद्दल सरकारी धोरणातही दोन विचार दिसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डिजिटल भरण्याला प्रोत्साहन देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा सरकारी खात्यांनी अशा भरण्यावर अधिभार किंवा सुविधा शुल्क लावू नये, असा त्याचा रोख होता. दुसरीकडे आयकराच्या पोर्टलवर आजही पेमेंट गेटवेतून (ऑनलाइन पैसे घेऊन ते खात्यापर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेतून) क्रेडिट कार्डाने कर भरणाऱ्याला गेटवेचे शुल्क स्वतःच द्यावे लागते. जीएसटी पोर्टलवर जानेवारी २०२४ मध्ये क्रेडिट कार्ड आणि यूपीआयची सोय पहिल्यांदा दहा राज्यांत आली, आणि त्यांत गोवा होता. तेव्हा आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना ही पद्धत अगदीच नवी नाही. परदेशातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या कार्डांवर अधिभार लावण्यास बंदी आली. तोवर तिथले कर खाते क्रेडिट कार्डाचे शुल्क करदात्याकडून घेत होते. ते घेता येणार नाही म्हटल्यावर खात्याने तो खर्च स्वतः सोसण्याऐवजी त्याच दिवसापासून वैयक्तिक क्रेडिट कार्डे स्वीकारणेच बंद केले. एवढ्या मोठ्या देशाच्या कर खात्याला जो भार सर्वांच्या पैशांतून उचलणे रास्त वाटले नाही, तो एका गावच्या पंचायतीने उचलावा असे मी म्हणणार नाही.

मात्र हे शुल्क पंचायतीने स्वतःच्या पावतीवर, स्वतःच्या नावाने घेऊ नये. पंचायतीला जे कर आणि शुल्के घेता येतात ती १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने आणि त्याखालील नियमांनी ठरतात. 'कार्ड शुल्क' असा नवा रकाना पावती पुस्तकात सचिवांनी आपणहून काढला तर पुढच्या लेखापरीक्षणात त्याचे उत्तर देता येणार नाही. म्हणून क्रेडिट कार्डाची सोय खिडकीवरच्या यंत्रावर देण्यापेक्षा ऑनलाइन भरण्यापुरती ठेवावी. तिथे गेटवे आपले शुल्क आपल्या नावाने वेगळे दाखवतो, भरणाऱ्याला ते पैसे देण्यापूर्वी पडद्यावर दिसते, आणि पटले नाही तर तो त्याच पानावर यूपीआय निवडू शकतो. पंचायतीच्या खात्यात घरपट्टीची पूर्ण रक्कम येते. राज्याच्या गोवा ऑनलाइन पोर्टलवर पंचायतींच्या काही सेवा आलेल्याच आहेत. त्यातून जे होत असेल त्यासाठी पंचायतीने वेगळा करार करून दुहेरी हिशेब ओढवून घेऊ नये.

सचिवांच्या शंकेकडे वळते. ही शंका काम टाळण्यासाठी काढली आहे असे सभेत कोणाला वाटले असेल, पण तसे समजू नका. एका कार्यालयात कार्डाने भरणा सुरू झाला तेव्हा लेखनिकाने आठ महिने बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कमच रोकडवहीत लिहिली. पावत्यांची बेरीज जास्त आणि जमा कमी, असा फरक महिन्यागणिक वाढत गेला, आणि शेवटी त्या लेखनिकावर पैसे खाल्ल्याचा आळ आला. मी स्वतः तीन दिवस बसून बँकेची विवरणे आणि पावत्या जुळवल्या, तेव्हा एकूण एक रुपया बँकेच्या शुल्कात गेल्याचे निघाले. तो माणूस निर्दोष ठरला, पण ते आठ महिने त्याने कसे काढले असतील याची आठवण मला अजून बेचैन करते. चूक त्याची नव्हती. यंत्र बसवणाऱ्यांनी त्याला नोंद कशी करायची हे सांगितलेच नव्हते.

नोंदीचा नियम साधा आहे. जमा नेहमी पूर्ण रकमेची दाखवायची आणि बँकेचे शुल्क वेगळा खर्च म्हणून दाखवायचे. समजा एका दिवसात कार्डांवर १८,४०० रुपयांचा भरणा झाला, त्यातला प्रत्येक व्यवहार २,००० रुपयांपेक्षा मोठा होता, आणि बँकेने दोन टक्के म्हणजे ३६८ रुपये व त्यावरचा जीएसटी ६६ रुपये २४ पैसे कापून १७,९६५ रुपये ७६ पैसे जमा केले. रोकडवहीत जमेच्या बाजूला १८,४०० आणि खर्चाच्या बाजूला 'बँक शुल्क' या सदराखाली ४३४ रुपये २४ पैसे यायला हवेत. त्यासाठी अंदाजपत्रकात तसे सदर आणि त्यावर तरतूद असली पाहिजे; नसेल तर ठराव करून ती आधी करून घ्या. क्रेडिट कार्डाचे शुल्क भरणाऱ्यावर टाकले तरी व्हिसा-मास्टरकार्ड डेबिट कार्डांचे थोडे शुल्क पंचायतीकडे राहणारच आहे, तेव्हा ही तरतूद लागेल. याहून चांगले म्हणजे, बँकेने रोज पूर्ण रक्कम जमा करावी आणि शुल्काचे बिल महिन्यातून एकदा वेगळे पाठवावे, अशी अट करारात घालावी. सर्वच बँका ती मान्य करतात असे नाही, पण मागितल्याशिवाय कोणीच देत नाही. पावती व्यवहाराच्या दिवसाची, जमा साधारण दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाची. दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे व्यवहार क्रमांक. तो पावतीवर छापलाच पाहिजे.

एक गोष्ट रोखीत कधीच घडत नाही आणि क्रेडिट कार्डात घडते, ती म्हणजे दिलेले पैसे परत ओढले जाणे. कार्डधारकाने 'हा व्यवहार मी केलेला नाही' अशी तक्रार बँकेकडे केली, तर चौकशी होईपर्यंत बँक ती रक्कम पंचायतीच्या खात्यातून काढून घेऊ शकते. तोवर पावती दिलेली असते, कदाचित थकबाकी नसल्याचा दाखलाही दिलेला असतो आणि त्या दाखल्यावर घर विकलेही गेले असते. धनादेशाच्या बाबतीत आपण 'वटल्यास ग्राह्य' असा शेरा मारतो, तसाच शेरा इथेही हवा, आणि रक्कम परत गेल्यास पावती रद्द होऊन थकबाकी पूर्ववत उभी राहील हे ठरावात स्पष्ट लिहिलेले हवे. मोठ्या रकमांच्या परवान्यांसाठी मी तर क्रेडिट कार्ड मुळीच घेऊ नये असे सुचवीन. कराच्या भरण्यासाठी यूपीआयची मर्यादा सप्टेंबर २०२४ पासून एका व्यवहाराला ५ लाख रुपये झाली आहे, बँक हस्तांतरणाचे मार्ग आहेतच. ज्याला २ लाखांचे शुल्क भरायचे आहे त्याची यात अडचण होत नाही.

मग क्रेडिट कार्ड हवे तरी कोणाला, असे तुम्ही विचाराल. माझ्या मते ते गावाबाहेर राहणाऱ्यांना हवे आहे. आपल्याकडे कितीतरी घरे वर्षातले अकरा महिने बंद असतात. घरातले कोणी मुंबईत, कोणी आखातात, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगालमार्गे इंग्लंडात. चवथीला घर उघडले की नैवेद्याच्या धांदलीतून वेळ काढून घरचा एखादा माणूस पंचायतघरात येतो आणि दोन-तीन वर्षांची घरपट्टी एकदम भरतो. ज्या वर्षी येणे होत नाही त्या वर्षी थकबाकी वाढते. जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना परदेशी मोबाइल क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा मिळाली, पण सुरुवातीच्या दहा देशांत संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, सौदी अरेबिया, ब्रिटन होते. कुवेत आणि पोर्तुगाल नव्हते. अशा ठिकाणच्या माणसाला आपल्या कार्डावरून घरपट्टी भरता आली, तर त्यावरचे शे-दीडशे रुपये तो आनंदाने देईल, कारण एरवी त्याला कोणा नातेवाइकाला विनवावे लागते. परदेशात दिलेल्या कार्डांवरचा दर देशी कार्डांपेक्षा जास्त असतो आणि ती सोय गेटवेकडून मुद्दाम सुरू करून घ्यावी लागते. बँकेशी बोलताना हा विषय स्वतंत्रपणे काढा.

गावातच राहणाऱ्या, हातावर पोट असलेल्या कुटुंबाला मात्र क्रेडिट कार्डाने कर भरा असे पंचायतीने सुचवू नये, फलकावरही नाही आणि तोंडीही नाही. कार्डाचे बिल वेळेवर पूर्ण फेडले नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. ६,००० रुपयांच्या थकबाकीवर महिन्याला २१० रुपये व्याज भरत बसण्यापेक्षा नियम परवानगी देत असतील तर तीच रक्कम पंचायतीकडे हप्त्यांनी भरणे त्या कुटुंबाच्या हिताचे आहे. हे सांगायला खिडकीवरच्या माणसाला दोन मिनिटे लागतात.

बाजारातल्या सोपोचाही, म्हणजे विक्रेत्यांकडून घेतल्या जाणाऱ्या बाजार शुल्काचाही, उल्लेख करते, कारण कोणीतरी तो काढेल. भाजी, मासे, फुले घेऊन बसणाऱ्या बायकांकडून रोज घेतल्या जाणाऱ्या लहान रकमेला क्रेडिट कार्डाचा काही उपयोग नाही. तिथे रोख किंवा क्यूआर कोड, एवढे पुरे. आणि क्यूआर कोड कुठलाही असो, तो पंचायतीच्याच खात्याचा असावा. कोणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर सार्वजनिक पैसा एक दिवससुद्धा जाता कामा नये. भिंतीवरच्या कोडवर दुसऱ्याच खात्याचा कागद चिकटवण्याची फसवणूक सगळीकडे होते, म्हणून पैसे देण्यापूर्वी मोबाइलवर पंचायतीचे नाव दिसते का हे पाहण्याची सूचना कोडखाली ठळक अक्षरांत लावा. कोणाच्याही कार्डाचा क्रमांक वहीत उतरवू नये, कार्डाचा फोटो मागू नये, ओटीपी विचारू नये.

सेवेत खंड पडणार, हेही गृहीत धरा. पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क जाते, आणि कधी माणसाच्या खात्यातून पैसे जातात पण पावती निघत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि त्यानंतर उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. खिडकीवरच्या माणसाला हे ठाऊक असेल तर तो समोरच्या घाबरलेल्या म्हाताऱ्याला "पुन्हा भरा" असे न सांगता व्यवहार क्रमांक लिहून देईल आणि थांबायला सांगेल.

तेव्हा पाक्षिक बैठकीत तुम्ही स्वतःच ठराव मांडा, म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या अर्धवट ठरावावर मत देण्याची वेळ येणार नाही. यूपीआय आणि डेबिट कार्ड खिडकीवर लगेच. क्रेडिट कार्ड फक्त ऑनलाइन, भरणाऱ्याच्या शुल्काने आणि घरपट्टी-कचरा शुल्कापुरते. रक्कम परत गेल्यास पावती रद्द. बँक शुल्कासाठी अंदाजपत्रकात सदर. आणि रोख पूर्वीसारखीच, कोणतीही आडकाठी न करता. या ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांमार्फत पंचायत संचालनालयाकडे पाठवून लेखी मार्गदर्शन आल्यावरच करारावर सही करावी. करार बँकेऐवजी पेमेंट कंपनीशी होणार असेल, तर तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे का ते पाहून त्याची प्रत फाइलला लावा. किमान दोन बँकांकडून दरपत्रके मागवा, आणि ती आली की यंत्राचे मासिक भाडे, किमान व्यवहारांची अट व करार मोडण्याचा दंड हे तीन रकाने आधी वाचा. टक्केवारी कमी दाखवणारी बँक ती भर बहुतेक वेळा तिथूनच काढते.